मुलांचा स्पॅनिशचा वर्ग पहिल्यांदाच घेताय? पहिला महिना असा काढा

पुण्या-मुंबईत हे आता नेहमीचं झालंय. एखाद्या मुलीची स्पॅनिशची बी-वन नाहीतर बी-टू, म्हणजे मधली पातळी होते, आणि निकाल हातात पडतो न पडतो तोच एखाद्या शाळेतून फोन येतो, "पाचवी-सहावीला स्पॅनिश सुरू करतोय, येता का शिकवायला?" आपण स्वतः कॉलेजात असताना, इंग्रजीतून समजावलेलं पुस्तक घेऊन, क्रियापदांचे तक्ते घोकून शिकलेलो असतो. दहा वर्षांच्या तीस मुलांपुढे उभं राहून काय करायचं, हे त्या कोर्समध्ये कुणी सांगितलेलं नसतं. हा लेख अशा नव्या शिक्षकांसाठी आहे. घरी छोटी बॅच सुरू करणाऱ्यांनाही यातलं बरंचसं चालेल.

माझं मत आधीच सांगून टाकते. मुलांना स्पॅनिश इंग्रजीतून शिकवू नका. पहिला महिना कानाने आणि अंगाने शिकवा. कुठे समजवायची वेळ आलीच तर मराठीतून समजवा. ते का, हे पुढे येईलच.

शाळा सुरू होण्याआधी

मुख्याध्यापकांना किंवा समन्वयकांना भेटाल तेव्हा फक्त पगाराचं बोलून परत येऊ नका. आठवड्याला तासिका किती आणि सलग की वेगवेगळ्या दिवशी, हे विचारा. मला विचाराल तर एकाच दिवशी दीड तास मिळण्यापेक्षा दोन वेगळ्या दिवशी चाळीस-चाळीस मिनिटं केव्हाही बरी, कारण लहान मुलं सहा दिवसांत सगळं विसरतात. विषयाचे मार्क धरणार की नुसती श्रेणी, हे लेखी घ्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर शिकता येतील अशा परकीय भाषांमध्ये स्पॅनिशचं नाव आहे. पण तुमच्या शाळेत ती तिसरी भाषा म्हणून आहे, छंदवर्ग म्हणून आहे की शनिवारचा उपक्रम म्हणून, यावर तुमचं सगळं नियोजन अवलंबून असतं. छंदवर्ग असेल तर गृहपाठाची अपेक्षाच ठेवू नका.

मग एक निर्णय तुमचा तुम्ही घ्यायचा, तो म्हणजे कुठली स्पॅनिश शिकवायची. ही वीस देशांची राजभाषा आहे आणि उच्चार सगळीकडे सारखे नाहीत. 'धन्यवाद'ला मेक्सिकोत 'ग्रासियास' म्हणतात. स्पेनच्या बऱ्याच भागात त्यातला 'सि' दातांमध्ये जीभ धरून म्हणतात. आपला 'थ' म्हणजे तो उच्चार नव्हे, तरी मुलं 'थ'च म्हणतात आणि ती सवय मग सुटत नाही. म्हणून मी सरळ 'स' शिकवते. अनेकवचनी 'तुम्ही'साठी स्पेनमध्ये 'बोसोत्रोस' आणि 'उस्तेदेस' असे दोन शब्द आहेत, अमेरिका खंडात दोन्हींचं काम एकटा 'उस्तेदेस' करतो. मुलांसाठी तो पुरे. स्पेनमध्ये छापलेलं पुस्तक शाळेने लावलं असेल तर 'बोसोत्रोस' त्यात भेटेलच, तेव्हा ओळख करून द्या. काहीही निवडा, पण वर्षभर तेच ठेवा. आज एक आणि पुढच्या आठवड्यात दुसरं असं झालं की मुलं गोंधळतात.

साहित्यावर फार पैसे घालू नका. अप्पा बळवंत चौकातून चार रंगांची कार्डशीट, जाड मार्कर आणि सुतळी आणा. एक मऊ चेंडू आणि एक हातात घालायची बाहुली घ्या. खोटी प्लास्टिकची फळं कशाला? घरून टोमॅटो, कांदा आणि लिंबू न्या. मुळाक्षरांचा तक्ता विकत घेणार असाल तर अक्षरं मोजून घ्या. स्पॅनिश मुळाक्षरं २७ आहेत. जुन्या तक्त्यांवर २९ सापडतात, कारण 'च' आणि 'य' या उच्चारांच्या दोन जोडअक्षरांना पूर्वी स्वतंत्र अक्षर धरायचे. २०१० च्या शुद्धलेखन नियमांपासून ती मुळाक्षरांतून काढली आहेत. इंटरनेटवरून छापून घेतलेल्या तक्त्यांमध्येही हा घोळ असतो.

पहिला तास

वर्गात जाऊन फळ्यावर तारीख घालून "आज आपण मुळाक्षरं शिकू" असं सुरू केलंत की तुमचा विषय मुलांच्या मनात आठवा, नववा, जो काही असेल तो अजून एक विषय होऊन बसतो.

त्याऐवजी दारात उभ्या राहा. आत येणाऱ्या प्रत्येकाला "ओला!" म्हणा आणि त्याच्याकडून "ओला" येईपर्यंत हसत थांबा. समजावू काही नका. सगळे बसले की स्वतःकडे बोट करून "मे यामो" आणि तुमचं नाव, असं तीनदा म्हणा. मग चेंडू एखाद्या धीट दिसणाऱ्या मुलीकडे टाका आणि विचारा, "कोमो ते यामास?" ती बहुतेक "माय नेम इज आर्या" म्हणेल. मान डोलवा, तिच्या वतीने "मे यामो आर्या" म्हणा आणि चेंडू परत मागा. तिसऱ्या-चौथ्या मुलापासून गाडी आपोआप रुळावर येते.

मुलांना कार्लोस, लुसिया अशी स्पॅनिश नावं वाटायची पद्धत बऱ्याच वर्गांत आहे. मला ती आवडत नाही. मुलाचं नाव त्याचं आहे. त्याऐवजी आपली नावं स्पॅनिश माणूस कशी वाचेल ते दाखवा. तिकडे 'ज'चं रोमन अक्षर घशातून 'ख'सारखं येतं, त्यामुळे 'जय'चा होतो 'खाय'. वर्ग खो-खो हसतो आणि एक उच्चार कायमचा पक्का होतो. 'वरद'चा 'बाराद' होतो, कारण 'ब' आणि 'व' यांची रोमन अक्षरं स्पॅनिशमध्ये एकाच आवाजाने वाचतात. जयला मात्र आधी हळूच विचारून घ्या. कुणाच्या नावावर हसायचं ते त्याच्या परवानगीने.

पुढची पंधरा मिनिटं आज्ञांची. भाषा शिकवायची ही रीत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स अॅशर यांनी १९६० च्या दशकात मांडली. शिक्षकाने सांगायचं, करून दाखवायचं, मुलांनी फक्त करायचं. बोलायची सक्ती नाही. "लेबान्तेन्से" म्हणत स्वतः उठा, हाताने सगळ्यांना उठवा. "सिएन्तेन्से" म्हणत बसा. मग "तोका ला मेसा" म्हणत बाकावर हात ठेवा. "तोका ला बेन्ताना" म्हटलं की मुलं खिडकीकडे धावतील, "तोका एल सुएलो" म्हटलं की जमिनीला हात लावतील. दोन फेऱ्या तुम्ही करून दाखवा आणि तिसऱ्या फेरीत हात मागे बांधून नुसतं बोला. आता शेवटच्या बाकांकडे नीट बघा. एखादा मुलगा "तोका ला पुएर्ता" ऐकून आधी शेजाऱ्याकडे बघतो आणि मग दाराकडे जातो. पाचव्या वेळी तो शेजाऱ्याकडे बघायचा थांबतो. तोंडातून एक शब्द न काढता तो शिकलेला असतो. पुढे तो महिनाभर बोलणारही नाही कदाचित, त्याला बोलायला लावू नका.

यानंतर पाच मिनिटं नकाशा. स्पॅनिश कुठे-कुठे बोलतात हे विचारलं की फुटबॉलवेडी मुलं स्पेन आणि मेस्सीचा अर्जेंटिना लगेच सांगतात. मेक्सिको, पेरू, क्युबा तुम्ही दाखवा. आफ्रिकेतला इक्वेटोरियल गिनीही दाखवा, तो कुणालाच माहीत नसतो.

तास संपताना पुन्हा दारात जा. बाहेर पडताना प्रत्येकाने आज ऐकलेला एक शब्द सांगायचा. काहीच आठवलं नाही तर "आदिओस" चालेल.

पहिले दोन आठवडे

आता रोजचा ठरलेला क्रम बसवायचा. आधी अभिवादन, मग वार, मग हवा, मग हजेरी. हे सगळं स्पॅनिशमध्ये आणि दर तासाला त्याच क्रमाने. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, त्यामुळे हवेचं पहिलं वाक्य आपोआप ठरतं. "युएबे", म्हणजे पाऊस पडतोय. खिडकीबाहेर पाऊस, ओल्या छत्र्या कोपऱ्यात, या शब्दाला चित्रच लागत नाही. ज्यांची शाळा एप्रिलमध्ये सुरू होते त्यांनी "आसे कालोर"पासून, म्हणजे उकाड्यापासून सुरुवात करावी. रोज एका मुलाला खिडकीशी पाठवून हवा जाहीर करायला लावा. या कामासाठी भांडणं होतात, हे चांगलं लक्षण आहे.

दुसरी गोष्ट भिंतीवर. गरजेची चार वाक्यं मोठ्या कागदावर चित्रांसकट लावा. "पुएदो इर अल बान्यो?" म्हणजे बाथरूमला जाऊ का. "पुएदो बेबेर आग्वा?" म्हणजे पाणी पिऊ का. "नो एन्तिएन्दो" म्हणजे समजलं नाही. "मास देस्पासियो, पोर फाबोर" म्हणजे जरा हळू. दुसऱ्या आठवड्यापासून बाथरूमला जायचं तर हे वाक्य म्हणूनच, असा नियम करा. अर्थात घाईची गरज चेहऱ्यावर दिसत असेल तर व्याकरण बाजूला ठेवून सोडा! प्रश्नाच्या आधी येणारं उलटं प्रश्नचिन्ह मुलं या कागदावर पहिल्यांदा बघतात. त्याचं कौतुक आठवडाभर पुरतं.

आकडे दहापर्यंत जिन्याच्या पायऱ्यांवर शिकवा, वीसपर्यंत तांबोलाने. 'दोस' ऐकून दोन, 'सिएते' ऐकून सात, 'ओचो' ऐकून आठ आठवतो, आणि कुणीतरी तसं म्हणतंच. दूरच्या नात्यातल्या भाषा आहेत, एवढं सांगून पुढे जा. रंग, दप्तरातल्या वस्तू हे सगळं "तोका" आणि "सिमोन दिसे", म्हणजे आपल्याकडचं 'सायमन सेज', या खेळांतच उरकतं. "बेओ, बेओ" हा तिकडच्या मुलांचा खेळ आपल्या वर्गातही झकास चालतो. "मला काहीतरी दिसतंय" असं म्हणून रंग सांगायचा, बाकीच्यांनी ओळखायचं.

वही कधी उघडायची?

महिना झाल्यावर. यावर शाळा कुरकुर करते, कारण वही तपासायला आणि पालकांना दाखवायला सोपी असते. तुम्ही ठाम राहा.

कारण असं आहे की आपली मुलं रोमन अक्षरं इंग्रजीच्या आवाजाने वाचतात. आवाज कानात बसायच्या आत शब्द डोळ्यांपुढे आला की उच्चार कायमचा बिघडतो. 'कोमे' म्हणजे खातो, पण तो लिहिलेला बघून मुलं 'कम' वाचतात. अकरा म्हणजे 'ओन्से', तो 'वन्स' होतो. 'सोपा' म्हणजे सूप, मुलांना तो साबण वाटतो. यातला माझा लाडका शब्द 'पिए'. इंग्रजीच्या सवयीने मुलं तो 'पाय' असा वाचतात, उच्चार साफ चुकतो, आणि अर्थ बरोबर निघतो!

मग देवनागरीत लिहू द्यावं का? अनेक शिक्षक याला नाकं मुरडतात. मी पहिल्या काही आठवड्यांत खुशाल लिहू देते. स्पॅनिशचे पाच स्वर म्हणजे जवळजवळ आपले आ, ए, इ, ओ, उ. स्पॅनिश 'त' आणि 'द' दाताला जीभ लावून येतात, आपलेही तसेच. 'प', 'त', 'क' यांत इंग्रजीसारखी हवा नसते, आपल्यातही नसते. मराठी मुलाने लिहिलेलं 'तोमाते' वाचलं की उच्चार बव्हंशी बरोबर येतो. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना जे वर्षभर घोटून घ्यावं लागतं ते आपल्याला फुकटात मिळालंय.

दोन ठिकाणी मात्र देवनागरी कमी पडते. एक म्हणजे आघात. 'पापा'मध्ये पहिल्या अक्षरावर जोर दिला तर तो लॅटिन अमेरिकेतला बटाटा, दुसऱ्यावर दिला तर बाबा. बाबांना बटाटा म्हणायची संधी मुलं सोडत नाहीत, म्हणून हा धडा एकदाच द्यावा लागतो. दुसरं म्हणजे लांब 'र्र'. 'पेरो' म्हणजे पण, 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. साधा 'र' आपल्याला येतोच, लांबीसाठी रिक्षा सुरू करायचा आवाज काढायला सांगा. शेजारच्या वर्गातल्या बाईंना आधी कल्पना देऊन ठेवा. एखाद्याला जमलं नाही तर नाद सोडा, सहा महिन्यांत येईल.

वही उघडल्यावर आठवड्याभरात देवनागरी बंद. तेव्हा पाच स्वर, मुका 'ह', 'न्य'चं नागमोडी रेघेचं अक्षर असे वाचनाचे नियम एकेक करून द्या. आवाज ओळखीचे असल्यामुळे मुलं ते पटकन उचलतात.

व्याकरण विचारलंच तर

मुलं विचारतात, म्हणून थोडी तयारी हवी. इथे इंग्रजी बाजूला ठेवली की किती सोपं होतं बघा. "मे गुस्ता एल मांगो" हे वाक्य इंग्रजीतून समजवायला गेलात तर कर्ता कोण, क्रियापद असं का, यात अर्धा तास जातो. मराठीतून सांगा, "मला आंबा आवडतो." आंबे अनेक झाले तर "मला आंबे आवडतात", तसंच तिकडे "मे गुस्तान लोस मांगोस." क्रियापद आंब्याच्या मागे जातं, माझ्या नाही. मराठी मूल हे रोज घरी करतं. वर्गात हिंदी बोलणारी मुलं असतील तर "मुझे आम अच्छा लगता है"नेही तेच काम होतं. 'तू' आणि 'उस्तेद' यांतला फरकही तसाच. आजोबांना कोण तू म्हणतं, हा प्रश्न विचारलात की झालं. फक्त घराघरांत आजीला 'ए आजी' आणि 'अहो आजी' असे दोन्ही प्रकार असतात, तिकडेही कुटुंबागणिक तसंच आहे.

लिंगाच्या बाबतीत मराठीवर भरवसा ठेवू नका. वस्तूला लिंग असतं ही कल्पना आपल्या मुलांना नवी नाही, एवढाच फायदा. आपल्याकडे तीन, तिकडे दोन, आणि जुळणी काहीच नाही. म्हणून सुटा शब्द कधीच शिकवू नका. 'मेसा' नाही, 'ला मेसा'. 'लिब्रो' नाही, 'एल लिब्रो'. शेवटी 'ओ' असून 'ला मानो', शेवटी 'आ' असून 'एल दिया', अशी अवलक्षणी पोरं पहिल्या दिवसापासून 'एल-ला'सकट तोंडात बसली की पुढे त्रास देत नाहीत.

पालक

पहिल्या पालकसभेत हमखास येणारा प्रश्न, "मॅडम, कधीपर्यंत बोलायला लागेल?" खरं ते सांगा. आठवड्याला दोन तासिकांत पहिल्या वर्षी मूल स्वतःबद्दल, घराबद्दल, आवडीनिवडीबद्दल छोटी वाक्यं बोलेल आणि वर्गातल्या सूचना समजेल. पुढचं आश्वासन देऊ नका. परीक्षेची घाई असणाऱ्यांना सांगा की इन्स्तितुतो सेर्बान्तेस या स्पेनच्या सरकारी भाषासंस्थेच्या 'देले' या स्पॅनिशच्या परीक्षेची शाळकरी मुलांसाठी वेगळी आवृत्ती आहे, ती ११ ते १७ वयाच्या मुलांसाठी असते, आणि तिचा विचार पहिल्या वर्षी करायचं कारण नाही.

एक विनंती मात्र हात जोडून करा. पाहुण्यांसमोर "स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलून दाखव" असं म्हणू नका. याने जेवढी मुलं गप्प झालेली मी पाहिली तेवढी व्याकरणाने झाली नाहीत.

घरच्यांना काम द्यायचंच तर हे द्या. पोर्तुगीजांमुळे मराठीत आलेले शब्द स्वयंपाकघरात शोधायचे. पाव, बटाटा, चावी, बालदी, पगार. पोर्तुगीज आणि स्पॅनिश सख्ख्या बहिणी, त्यामुळे स्पॅनिशमध्ये पावाला 'पान', बटाट्याला स्पेनमध्ये 'पाताता', चावीला 'याबे', बालदीला 'बाल्दे' आणि पैसे देण्याला 'पागार' म्हणतात. कुणाचं आजोळ गोव्यातलं असेल तर तिथली आजी आणखी चार शब्द काढून देते, आणि त्या मुलाचा वर्गातला भाव वधारतो.

दोन-तीन अडचणी

अमेरिकेतून परत आलेलं एखादं मूल थोडी स्पॅनिश शिकून आलेलं असतं. त्याला तुमचा मदतनीस करा, हवा जाहीर करायला, तांबोलाचे आकडे पुकारायला लावा. त्याचा उच्चार तुमच्याहून सरस असेल तर तसं वर्गात मोकळेपणाने म्हणा. ऑगस्टमध्ये उशिरा दाखल होणाऱ्याला वेगळं शिकवत बसू नका, रोजच्या क्रमात तो पंधरा दिवसांत मिसळतो. आणि घसा सांभाळा. तीस मुलांवर ओरडण्यापेक्षा टाळ्यांचा एक ठेका ठरवा, तुम्ही तीन वाजवल्या की मुलांनी दोन वाजवून गप्प व्हायचं.

महिनाअखेरीला

लेखी चाचणी नको. टेबलावर चित्रं आणि वस्तू मांडा, एकेकाला बोलवा, दहा गोष्टी दाखवायला सांगा आणि दोन प्रश्न विचारा. बोलून उत्तर आलं तर उत्तम, बोट दाखवून आलं तरी पूर्ण मार्क. शाळेला आकडे हवे असतात, ते यातून देता येतात. यानंतर वहीचं पहिलं पान. नाव, वय, आवडतं फळ, आवडता रंग, चार वाक्यं, बस.

मग पुढचं वर्ष समोर घेऊन बसा, कारण आपल्या सुट्ट्या आणि तिकडचे दिवस एकमेकांवर आदळतात. १६ सप्टेंबर हा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन बऱ्याच वर्षी गणपतीच्या गडबडीत येतो. १२ ऑक्टोबर स्पेनचा राष्ट्रीय दिन, तो सहामाही परीक्षेच्या आसपास. १ आणि २ नोव्हेंबरला मेक्सिकोत मृतांचा दिवस असतो, तेव्हा इथे बहुधा दिवाळीची सुट्टी. हा तास मात्र सोडू नका, दसऱ्याच्या आठवड्यात आधीच घेऊन टाका. गेलेल्या माणसांसाठी तिकडे घरात जी वेदी मांडतात ती झेंडूच्या फुलांनी सजवतात, आणि झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. त्या आठवड्यात फुलं वर्गात आणायला कुणाला सांगावं लागत नाही, घरोघरी तोरणांतली उरलेली असतात. ६ जानेवारीला तीन राजांचा दिवस, त्याच्या आदल्या रात्री स्पेनमधली मुलं भेटवस्तूंसाठी बूट बाहेर ठेवतात. वर्गाबाहेर बुटांची रांग लावून प्रत्येकात एकेक गोळी टाकायची असेल तर शिपाईकाकांना आदल्या दिवशी सांगून ठेवा, नाहीतर ते बूट उचलून कपाटात ठेवतात.